गुन्ह्याचे नाव आणि गुन्ह्याचे माप

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त शर्विलक चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो, तो प्रसंग संस्कृत नाट्यवाङ्मयाच्या वाचकांना परिचित आहे. भिंत कोठे फोडावी, भोकाचा आकार कसा असावा, ह्याचा तो कलावंताच्या आस्थेने विचार करतो आणि मोजपट्टी हाताशी नाही असे दिसताच गळ्यातील यज्ञोपवीताने माप घेतो. चोरी सकाळी उघडकीस येते. चारुदत्ताला प्रथम चिंता वाटते ती ही, की बिचारा चोर ह्या दरिद्री घरातून रिकाम्या हाताने तर गेला नसेल ना. सुवर्णपात्र गेले हे ऐकून त्याला क्षणभर बरेही वाटते. परंतु ते वसंतसेनेची ठेव होते हे आठवताच तो मूर्च्छित होतो. चोरी त्याला क्षम्य वाटते. लोक आपणास विश्वासघातकी म्हणतील हे असह्य वाटते. इकडे जिच्या सुटकेसाठी शर्विलकाने हे केले त्या मदनिकेला पहिले भय वाटते ते त्या घरात कोणाला इजा झाली काय, ह्याचे. अलंकार गेल्याचे दुःख तिला त्यानंतरचे. शर्विलकाच्या मते चोरी निंद्य असली तरी दास्याहून बरी. कृत्य एकच असताना त्याची मापे तीन आहेत. पुढे नवव्या अंकात चौथे माप येते. चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ आला असता न्यायाधीश मनूचा हवाला देऊन म्हणतो की, ब्राह्मणाला देहदंड नाही, त्याला निर्वासित करावे. राजा पालक मात्र त्याला सुळाकडे धाडतो.

गुन्हा किती मोठा, हे निरनिराळे जनसमूह निरनिराळ्या रीतीने ठरवितात, ही गोष्ट नवी नाही. प्रश्न असा की, हा फरक नेमका कोठे उत्पन्न होतो? समाजशास्त्राने ह्या प्रश्नाचा शोध मोजमापाच्या मार्गाने घेतला. थॉर्स्टन सेलिन आणि मार्व्हिन वुल्फगँग ह्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात फिलाडेल्फियातील विद्यार्थी, पोलीस आणि न्यायाधीश ह्यांच्याकडून अनेक गुन्ह्यांना गांभीर्याचे अंक देवविले होते. पुढे १९७४ मध्ये पीटर रॉसी व त्यांचे सहकारी ह्यांनी बाल्टिमोर शहरातील दोनशे प्रौढ नागरिकांपुढे १४० गुन्ह्यांची यादी ठेवली. दोन्ही प्रयत्नांतून निघालेला निष्कर्ष स्थूलमानाने सारखाच होता: वर्ग, वर्ण, शिक्षण निराळे असले तरी गुन्ह्यांची उतरंड लोक पुष्कळशी एकसारखीच लावतात. खून वर, किरकोळ चोरी खाली.

हा निष्कर्ष खोटा मानण्याचे कारण नाही. परंतु तो ज्या रीतीने हाती आला ती रीत ध्यानात घेतली पाहिजे. लोकांना जे विचारले गेले ते नाव दिलेल्या गुन्ह्यांविषयी. “अमुक मनुष्याने अमुक ऐवज चोरला” असे वाक्य समोर आले की त्यातील ‘चोरला’ हे क्रियापद वाद मिटवून बसलेले असते. प्रत्यक्ष जीवनात वाद होतो तो त्या क्रियापदावरच. ही चोरी, की पोट भरणे? ही हत्या, की मृत्यू? आणि हत्या असलीच तर ती कोणाची? उतरंडीविषयी समाजाचे एकमत असेल. कोणते कृत्य कोणत्या पायरीवर ठेवावे, आणि मुळात कोणाच्या कृत्यांना नाव द्यावे, ह्याविषयी ते नसते. यादीला हे दिसत नाही. साहित्याला दिसते, कारण तेथे कृत्य नावापूर्वी येते. मराठीतील काही महत्त्वाच्या कृती ह्या दृष्टीने वाचल्या असता त्यांचे परस्परांशी असलेले नाते उमगते, आणि त्यांचे बलाबलही.

नावाइतकेच महत्त्व कर्त्याला असते, हे स्मृतिकारांनी लपवून ठेवले नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात जाणत्या शूद्राने चोरी केली तर दोष आठपट, वैश्याने केली तर सोळापट, क्षत्रियाने बत्तीसपट आणि ब्राह्मणाने चौसष्टपट वा त्याहूनही अधिक, असे म्हटले आहे. ज्ञान अधिक तेथे दोष अधिक, हे तत्त्व कोणत्याही आधुनिक न्यायाधीशाला आवडावे असे आहे. त्याच अध्यायात पुढे मात्र ब्राह्मणाच्या बाबतीत देहदंडाच्या जागी मुंडन सांगितले आहे. दोषाचे माप वर चढत जाते आणि दंडाचे माप खाली उतरते. ‘मृच्छकटिका’तील न्यायाधीश ह्यांपैकी दुसरे माप उचलतो, पहिल्याची त्याला आठवण होत नाही; शूद्रकाने ह्यावर काही भाष्य केलेले नाही, आणि ते केले नाही हेच बरे.

एकोणिसाव्या शतकातील ज्या खटल्याने मराठी गद्याला एक असामान्य पुस्तक दिले, तो सुरतेकडील होता. विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाच्या हत्येचा आरोप शाबीत होऊन १८८१ मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली आणि पुढे पाच वर्षांवर. एकाच कृत्याला कायद्याने काही महिन्यांत तीन किमती लावल्या. ह्यात न्यायाधीशांची दया दिसते हे खरे. पण दंडसंहितेची अडचणही दिसते. मातेने केलेली अर्भकहत्या असा निराळा, सौम्य गुन्हा त्या संहितेत नव्हता. इंग्लंडातसुद्धा तो १९२२ मध्ये आला. तेव्हा नाव एकच उपलब्ध होते, खून. आणि त्या नावाखाली हे कृत्य मावत नाही ही जाणीव शिक्षेच्या घटत्या आकड्यांतून व्यक्त झाली.

वृत्तपत्रांत मात्र चर्चा चालली ती स्त्रियांच्या अनीतीची. ‘पुणे वैभवा’तील अशा लेखनाला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी लिहिलेले ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्यास छापले गेले. ज्योतीराव फुले ह्यांनी ‘सत्सारा’त त्याची बाजू घेतली, त्यानंतर ते जवळजवळ विस्मृतीत गेले, आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे ह्यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. अलीकडे ह्या पुस्तकाचा गौरव स्त्रीमुक्तीच्या विचाराचा आद्य ग्रंथ म्हणून होतो, आणि तो यथार्थ आहे. पण त्या गौरवात त्याची युक्तिवादाची रीत झाकली जाते. अर्भकहत्या क्षुल्लक आहे असे ताराबाई कोठेही म्हणत नाहीत. तसे म्हटले असते तर प्रतिपक्षाचे काम सोपे झाले असते. त्या माप तसेच ठेवतात आणि तागडीत आणखी काही वस्तू टाकतात: विधवेला फूस लावणारा पुरुष, तिला टाकून देणारा पुरुष, एक बायको मरताच दुसरी करणारा आणि विधवेला मात्र पुनर्विवाह नाकारणारा पुरुष, ही रूढी पवित्र ठरविणारे शास्त्रकार, आणि त्या शास्त्रकारांना मोकळे सोडणारा देवदेखील. स्त्रीवर लादलेला एकेक दुर्गुण घ्यावा आणि तो पुरुषाच्या ठायी अधिक प्रमाणात आहे की नाही हे विचारावे, अशी त्यांची पद्धती आहे. म्हणजे हे पुस्तक नावाप्रमाणे खरोखरच तुलना आहे. पुस्तकाच्या नावातील तो शब्द तराजूचा आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

ह्या गद्याची भाषाही त्या कामाला साजेशी आहे. तीत ग्रांथिक वळण थोडे, घरगुती टोमणा पुष्कळ. ज्या समूहाचे माप आजवर कोठे नोंदलेच गेले नव्हते त्याचे माप नोंदवावयाचे तर भाषाही त्याचीच हवी, एवढा विचार लेखिकेने जाणीवपूर्वक केला असेल वा नसेल. घडले तसे आहे. फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात जे गृह काढले त्याचे ‘बालहत्या प्रतिबंधक गृह’ हे नावही ह्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्यात गुन्ह्याचे नाव सौम्य केलेले नाही. परंतु गुन्हा ही टाळता येण्याजोगी, आणि म्हणून केवळ त्या स्त्रीच्या अंगी चिकटलेली नव्हे, अशी गोष्ट आहे, हे ‘प्रतिबंधक’ ह्या एका शब्दाने मान्य करून टाकले आहे.

विजयालक्ष्मीच्या खटल्यानंतर शहाऐंशी वर्षांनी विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. आरोप पुन्हा तोच आहे: भ्रूणहत्या. आरोपी अविवाहित शिक्षिका लीला बेणारे. न्यायालय नकली, वेळ घालविण्यासाठी मांडलेले. मुंबईहून आलेल्या ह्या हौशी मंडळीचा त्या रात्रीचा खरा प्रयोग निराळाच आहे. अण्वस्त्रे निर्माण केल्याबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन ह्यांच्यावर ते अभिरूप खटला चालविणार आहेत. ह्या तपशिलाकडे नाटकावरील चर्चेत फारसे लक्ष दिले जात नाही. पण गांभीर्याच्या प्रश्नाची खरी खोच तेथे आहे. मानवजातीच्या संहाराचा खटला ह्या मंडळींना पाठ आहे आणि त्याने ती जराही विचलित होत नाहीत. एका बाईच्या पोटात मूल आहे ह्या कुणकुणीने मात्र त्यांची अंगे शहारतात, आवाज चढतात, डोळे चमकू लागतात. यादी समोर ठेवून विचारले असते तर ह्यांपैकी प्रत्येकाने अणुबाँबलाच वरचा अंक दिला असता. समूहाच्या मनातील खरे माप त्याच्या मतात सापडत नाही, उत्साहात सापडते.

पुराव्यांची जात पाहावी. सामंत हा भाबडा खेडूत साक्षीदार म्हणून जे सांगतो ते तो हातातील एका हलक्या कादंबरीतून वाचून सांगतो. आणि ती बनावट साक्ष सर्वांना खऱ्याहून खरी वाटते, कारण तिचा साचा त्यांच्या मनात अगोदरच तयार आहे. ज्या प्राध्यापक दामल्यांचा ह्या गर्भाशी संबंध आहे ते गैरहजर आहेत. त्यांच्याविषयी कुजबुज होते, पण आरोपपत्रात त्यांचे नाव चढत नाही. ताराबाईंनी तागडीत टाकलेली वस्तू ह्या न्यायालयाने पुन्हा बाहेर काढून ठेविली आहे. शेवटी न्यायाधीश काशीकर निकाल देतात, आणि त्यात भ्रूणहत्येच्या आरोपीला शिक्षा म्हणून फर्माविले जाते ते हे की, तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्यात यावा. ज्या कृत्याला गुन्हा म्हटले तेच कृत्य दंड म्हणून सांगितले जाते आणि ही विसंगती मंचावरील एकाच्याही लक्षात येत नाही. गुन्हा कृत्यात नव्हताच. ते कृत्य तिने, तिच्या इच्छेने करण्यात होता.

बेणारेच्या दीर्घ स्वगताविषयी मतभेद झालेले आहेत. नाटकाची गती तेथे थांबते व लेखक पात्राच्या तोंडून बोलू लागतो, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. भाषा त्या ठिकाणी अलंकृत होते. तथापि त्या स्वगताच्या वेळी बाकीची पात्रे गोठलेली असतात, त्यांतील एक शब्दही त्यांना ऐकू जात नाही, ही रचना आक्षेपाहून मोठी आहे. बचाव झाला, पण तो नोंदला गेला नाही. १९७१ च्या कायद्याने गर्भपाताला विशिष्ट परिस्थितीत मान्यता मिळाली; त्या कृत्याचे कायद्यातील नाव बदलले. आरोपाचा आधारच ढासळला म्हणून नाटक जुने व्हावयास हवे होते. ते झाले नाही.

रवींद्रनाथांच्या ‘शास्ति’ (१८९३) ह्या कथेचे येथे स्मरण होते. थोरला भाऊ संतापाच्या भरात आपल्या बायकोला ठार करतो. धाकटा त्याला वाचविण्यासाठी खून स्वतःच्या बायकोवर, चंदरावर, ढकलतो. कुटुंबाच्या तागडीत भावाचे पारडे जड आहे. पुढे दोघे भाऊ न्यायालयात खरे सांगू लागतात तेव्हा न्यायालय त्यांच्यावर विश्वास ठेवीत नाही, आणि चंदराही आपला कबुलीजबाब मागे घेत नाही. तिच्या दृष्टीने ह्या घरात एकच अक्षम्य अपराध घडला आहे, आणि त्याला कोणत्याही संहितेत कलम नाही.

स्त्रीच्या बाबतीत नाव चुकीच्या माणसाला लागते. ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले गेले त्यांच्या बाबतीत नाव कृत्याच्याही अगोदर लागते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हे केले आणि १९११ मध्ये त्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर झाली. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, ह्या जमाती त्यातून मुक्त झाल्या. त्यामागोमाग अनेक राज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, ते कोणावर चालविले गेले हे निराळे सांगावयास नको. ह्या कायद्याच्या छायेतील जीवनावर मराठीत दोन पुस्तके आहेत, ज्यांची तुलना अद्याप पुरेशी झालेली नाही.

अण्णा भाऊ साठे ह्यांच्या ‘फकिरा’ला (१९५९) १९६१ चा महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. वारणेच्या खोऱ्यातील मांग वीराची ही कथा दुष्काळात धान्य व खजिना लुटण्यापर्यंत येते तेव्हा सरकारच्या मते तो दरोडेखोर आहे आणि वाटेगावच्या मते तारणहार. हा विरोध ठसठशीत आहे, पण कादंबरीतील अधिक खोल भाग त्याच्याही आधी येतो. फकिराचा बाप राणोजी शेजारच्या गावाची जोगणी पळवून आणतो. हीही चोरीच, परंतु तिला नियम आहेत. हद्दीच्या आत सापडला तर पळविणाऱ्याचा जीव घ्यावा. हद्द ओलांडली की त्याला हात लावू नये. राणोजी हद्दीपलीकडे मारला जातो. दोन्ही गावांना मान्य असलेल्या मापाने येथे जोगणी पळविणे हा पराक्रम आहे आणि चोराला मारणे हा अधर्म. कायद्याच्या पुस्तकात ह्यातले काहीच सापडणार नाही, तरीही वाचक क्षणात त्या मापाचा होतो. ही साठे ह्यांची मोठी शक्ती. उत्तरार्धात ती काहीशी उणावते. फकिरा इतका निष्कलंक होतो की, त्याच्या लुटीचे वजन करण्याची पाळीच वाचकावर येत नाही. निकाल अगोदर लागलेला असतो. गुन्हा गुणात बदलण्याची घाई वीरकथेला असतेच. ह्या कादंबरीत ती समजण्यासारखी आहे, कारण पोलिसांच्या हजेरीपटावर ज्यांची नावे होती त्यांना प्रथम एक वीर हवा होता.

लक्ष्मण गायकवाड ह्यांच्या ‘उचल्या’ (१९८७) ह्या आत्मकथनाला वीराची गरज उरलेली नाही. त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा ज्या जमातीचे नावच ‘उचलणे’ ह्या क्रियापदापासून पडले तिचा शब्द राष्ट्रीय सन्मानपत्रावर लिहिला गेला. ह्या पुस्तकात चोरी हा कुलधंदा आहे: तिला शिकवणी आहे, कसब आहे, वाटणी आहे. मुलांना मार खाण्याचीही शिकवणी दिली जाते, अशासाठी की ठाण्यात कितीही मारले तरी साथीदारांची नावे तोंडातून निघू नयेत. समूहाच्या मापात चोरी गुन्ह्यांच्या उतरंडीत नाहीच. नाव फोडणे मात्र सर्वांत वर आहे. आणि लेखक शाळेत जाऊ लागतो तेव्हा वस्तीतील मुलांच्या आजाराचा दोष त्या शाळेवर येतो. जे बाहेरच्या समाजाला सुधारणा वाटते ते आतील समाजाला आगळीक वाटते. गायकवाड हे हसण्यावारी नेत नाहीत किंवा त्याचे समर्थनही करीत नाहीत. पोलीस पकडतात, मारतात आणि चोरीच्या मालातील हिस्साही घेतात, हे ते त्याच सपाट, ओबडधोबड वाक्यांत सांगतात. ज्याची पिशवी जाते तोही बहुधा बाजाराला वा प्रवासाला निघालेला साधा माणूस असतो, हे ह्या पुस्तकात दडपलेले नाही. ‘फकिरा’त लुटला जाणारा लुटण्याच्या लायकीचा असतो, ‘उचल्या’त तो तसा असतोच असे नाही, आणि म्हणून वजन करण्याचे काम वाचकाच्या हातून सुटत नाही. रचनेच्या दृष्टीने हे आत्मकथन विस्कळीत आहे, उत्तरार्धातील चळवळीचा वृत्तान्त अहवालासारखा होतो; तरीही प्रस्तुत विषयापुरते ते साठे ह्यांच्या कादंबरीहून पुढचे पाऊल आहे असे म्हणावे लागते.

आतापर्यंतच्या कृतींत कृत्याला काही ना काही नाव होते; वाद होता तो नाव कोणाला लावावे ह्याचा. बाबुराव बागुलांच्या १९६३ मधील संग्रहाला ज्या कथेचे नाव आहे त्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ मध्ये परिस्थिती उलटी आहे. नायक गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर रुजू होतो. जात सांगितली तर राहावयास खोली मिळणार नाही, म्हणून तो ती सांगत नाही. त्याच्या विद्वत्तेचा, त्याच्या कवितांचा भोवतालच्या मंडळींना आदर वाटू लागतो. जात उघडकीस येते आणि तीच मंडळी त्याला मरेपर्यंत मारावयास निघतात. आदल्या दिवशीपर्यंतचा आदर हाच येथे चोरीचा माल ठरतो. तो फसवून घेतला गेला, अशी मारणाऱ्यांची प्रामाणिक भावना आहे, आणि बागुलांनी ती प्रामाणिक ठेवली आहे. कथेचे भीषणत्व त्या प्रामाणिकपणात आहे. दंडसंहितेत, १८६२ पासून २०२४ पर्यंत ती अमलात होती तोवर, खोली मिळविण्यासाठी जात न सांगणे असा अपराध नव्हता. मारहाण हा अपराध होता. वस्तीच्या संहितेत नेमके ह्याच्या उलट. अस्पृश्यता कायद्याने १७ व्या अनुच्छेदान्वये १९५० मध्ये संपली होती, १९५५ मध्ये तिच्या आचरणाला शिक्षाही ठरली होती. ह्या कथेतील कोणालाही हे ठाऊक नसावे असे मानण्याचे कारण नाही.

आणि ‘चोरली’ हा शब्द मारणाऱ्यांचा असता तर शीर्षकात नवल नव्हते. तो निवेदकाने स्वतः उच्चारला आहे, प्रथमपुरुषी, भूतकाळात, कबुलीजबाबाला शोभेल अशा शब्दांत. ह्या शीर्षकात उपरोध आहे असे सर्वच समीक्षक म्हणतात, आणि तो आहेही. परंतु उपरोध म्हणून ते बाजूला ठेवता येत नाही. ज्याला मार बसला त्याच्यापाशी त्या कृत्यासाठी दुसरे क्रियापद मराठी भाषेत नव्हते.